पाच फुटांची दोन ओपनिंग आणि दोन्हींना वेगळं लोखंड

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्याजवळ १९७८ सालचं लोडबेअरिंग घर आहे, म्हणजे सगळा भार भिंतींवरच. भिंती नऊ इंची, विटांच्या. पुढच्या भागावर स्लॅब, मागच्या भागावर कौलं. दोन ठिकाणी पाच-पाच फुटांचं नवं ओपनिंग करायचं आहे. एक स्वयंपाकघर आणि हॉल यांच्या मधल्या भिंतीत, दुसरं मागच्या उंच भिंतीत, खिडकीसाठी. फॅब्रिकेटरने दोन्हींसाठी एकच उपाय सांगितला आहे, ‘५० बाय ५० बाय ६ चे दोन अँगल पाठीला पाठ लावून टाकू.’ (अँगल म्हणजे काटकोनात दोन पाय असलेलं लोखंड, आकडे मिमीत, दोन पायांची रुंदी आणि जाडी.) हे पुरेल का, आणि याचं गणित कसं करायचं?

पुरणार नाही. मागच्या भिंतीत ते झुकतील आणि वर भेग पडेल. मधल्या भिंतीत तर त्यांच्या भरवशावर भिंत फोडणं धोक्याचं आहे. दोन्ही ओपनिंग पाच फुटांचीच असली, तरी एका ठिकाणी जे लोखंड लागतं त्याच्या जवळजवळ सहापट ताकदीचं दुसऱ्या ठिकाणी लागतं. लिंटेल, म्हणजे ओपनिंगच्या माथ्यावरची आडवी तुळई, ठरवताना लोक आधी टेप काढून रुंदी मोजतात. मी आधी वर बघतो. ओपनिंगच्या माथ्यावर किती वीट आहे, त्या विटेवर काय टेकलंय आणि दोन्ही बाजूंना किती भिंत उरते, हे तीन प्रश्न सुटल्याशिवाय अँगलचा आकार बोलूच नये.

त्यामागचं कारण विटेच्या स्वभावात आहे. भिंतीला भोक पाडलं की वरची सगळी भिंत खाली यायला बघत नाही. विटा एकमेकींत सांधमोड करून गुंतलेल्या असतात, त्यामुळे भोकाच्या वर भिंत स्वतःच कमान धरते आणि बराचसा भार दोन्ही बाजूंना उतरवते. कमानीच्या पोटात उरतो तो त्रिकोण, आणि लिंटेलला तेवढंच वजन पेलायचं असतं. आपल्याकडच्या प्रथेत हा त्रिकोण ६० अंशांचा, समभुज धरतात. काही देशांत ४५ अंशांचा धरतात, तेव्हा वजन आणखी कमी निघतं. जुन्या भिंतीतल्या मालाचा भरवसा नसतो, म्हणून मी ६० वरच राहतो.

ही कमान फुकट मिळत नाही. त्रिकोणाच्या टोकाच्या वरही काही रद्दे, म्हणजे विटांचे थर, शिल्लक हवेत, मी किमान ३०० मिमी धरतो. स्लॅब, गर्डर, कैचीचं टोक असलं काहीही त्रिकोणाच्या आत यायला नको. आणि कमान दोन्ही बाजूंना ढकलते, तो धक्का घ्यायला ओपनिंगच्या दोन्ही अंगांना लिंटेलच्या लांबीच्या निम्मी तरी सलग भिंत लागते. या तीनपैकी एकही अट मोडली तर त्रिकोण विसरायचा आणि वरचा सगळा भार सरळ लिंटेलवर धरायचा.

ही तिसरी अट सर्वांत जास्त विसरली जाते. एका कोपऱ्यावरच्या दुकानात शटरसाठी ओपनिंग पाडलं होतं, आणि कोपऱ्याच्या बाजूला जेमतेम एक फूट भिंत ठेवली होती. अँगल तसे बरे होते, हिशोब त्रिकोणाचाच केला होता. पहिल्या पावसाळ्यानंतर मला बोलावलं तेव्हा लिंटेलच्या टोकापासून कोपऱ्याकडे पायऱ्या-पायऱ्यांची भेग गेली होती आणि कोपरा बाहेर सरकला होता. लोखंडाला काही झालं नव्हतं, पण धक्का घ्यायला त्या बाजूला भिंतच नव्हती.

आता तुमची मागची भिंत. कौलारू छपराच्या कैच्या बाजूच्या दोन भिंतींवर आहेत, या भिंतीवर छपराचा भार नाही, आणि खिडकीच्या माथ्यावर अडीच मीटर वीट आहे असं तुम्ही कळवलं आहे. बाजूंना दोन-दोन मीटर भिंत उरते. म्हणजे कमान धरायला सगळं अनुकूल आहे.

ओपनिंग १.५ मीटर. अँगल दोन्ही टोकांना १५० मिमी भिंतीत बसतील, म्हणून हिशोबाची लांबी टेकणीच्या मध्यापासून मध्यापर्यंत १.६५ मीटर. समभुज त्रिकोणाची उंची १.४३ मीटर, क्षेत्रफळ १.१८ चौरस मीटर. नऊ इंची भिंतीचं वजन दोन्ही बाजूंचा गिलावा धरून दर चौरस मीटरला सुमारे ५.२ किलोन्यूटन, म्हणजे ५३० किलोच्या आसपास. त्रिकोणाचं वजन झालं ६.१३ किलोन्यूटन. त्रिकोणी भारासाठी मध्यावरचं आघूर्ण, म्हणजे लिंटेलला वाकवू पाहणारा जोर, काढायचं सूत्र म्हणजे भार गुणिले लांबी भागिले ६. त्याचे १.६९ येतात, अँगलचं स्वतःचं वजन मिळवून १.७३ किलोन्यूटन-मीटर. आयएस ८०० या लोखंडी बांधकामाच्या भारतीय मानकाच्या २००७ च्या आवृत्तीप्रमाणे यावर सुरक्षेसाठी १.५ चा गुणक लावला की २.६.

साध्या ई-२५० प्रतीच्या लोखंडाची लवचीकतेची मर्यादा २५० मेगापास्कल, ती १.१ ने भागून २२७ वापरता येते. एककं जुळवून २.६ ला २२७ ने भागलं की लागणारं छेदगुणांक मूल्य, म्हणजे आकारामुळे वाकण्याला तोंड द्यायच्या ताकदीचं माप, निघतं, ११.४ घन सेंटिमीटर. ५०×५०×६ च्या एका अँगलचं हे मूल्य ३.६ आहे, दोघांचं ७.२. ६५×६५×६ चं ६.३, दोघांचं १२.६. ७५×७५×६ चं ८.४, दोघांचं १६.८. म्हणजे ५० चे अँगल नापास. गुणक न लावता पाहिलं तरी त्यांच्यात २४० मेगापास्कल ताण येतो, म्हणजे लोखंड त्याच्या मर्यादेला टेकलेलं. बसवल्या दिवशी ते कोसळणार नाहीत आणि म्हणूनच लोक म्हणतात, ‘आम्ही तर कायम हेच टाकतो.’ सुरक्षेसाठी ठेवायची शिल्लक मात्र त्यात काहीच उरत नाही.

ताकदीपुरतं पाहिलं तर ६५ चे चालतील असं दिसतं. इथेच अनेक जण थांबतात, आणि मला वाटतं चूक इथेच होते. विटेखालच्या लोखंडाचा आकार बहुतेक वेळा ताकद ठरवत नाही, तो झुकण्यावरून ठरतो. लोखंड झुकून परत येतं, विटेला ते जमत नाही. त्रिकोणी भाराखाली ७५ चे दोन अँगल मध्यावर सुमारे २.६ मिमी झुकतात, ६५ चे ४ मिमी आणि ५० चे ९ मिमी. आयएस ८०० मध्ये तडकू शकणाऱ्या छत-जमिनीच्या भागांसाठी लांबीचा ३६०वा भाग ही मर्यादा दिली आहे, ती इथे ४.६ मिमी होते आणि ६५ चे अँगल तीत बसतात. पण विटांचं बांधकाम पेलणाऱ्या तुळईसाठी अमेरिकी संहितेत लांबीचा ६००वा भाग आहे, म्हणजे २.७५ मिमी. मी विटेखाली हीच मर्यादा पाळतो. भिंतीवरचा गिलावा दोन-तीन मिमीपलीकडे खपवून घेत नाही, हे इतक्या वेळा पाहिलं आहे की त्यात तडजोड करावीशी वाटत नाही.

म्हणून मागच्या भिंतीला ७५×७५×६ चे दोन. ५० च्या तुलनेत यात जास्तीचं लोखंड किती लागतं ते पाहा. १.८ मीटरचे दोन तुकडे, मीटरमागे ४.५ ऐवजी ६.८ किलो. एकूण फरक सव्वाआठ किलोचा. एवढ्यासाठी घराच्या भिंतीशी खेळू नये.

७५ घ्यायला आणखी एक कारण आहे, ते गणितात दिसत नाही पण गवंड्याला लगेच पटतं. नऊ इंची भिंतीत दोन अँगल पाठीला पाठ लावून मधोमध बसतात. उभे पाय मध्ये, आडवे पाय दोन्ही अंगांना, आणि प्रत्येक आडव्या पायावर साडेचार इंची वीट बसते. साधारण ११० मिमी रुंदीच्या विटेला किमान दोन-तृतीयांश तरी टेकण हवी. ७५ मिमीचा पाय ती देतो. ५० चा पाय निम्मीही देत नाही, वीट बाहेरच्या अंगाला कलते आणि तिच्याबरोबर अँगलही पीळ खातो. शिवाय आपली जुनी वीट तीन इंच, म्हणजे ७५ मिमी उंच. ७५ चा उभा पाय पहिल्याच रद्द्यात लपतो. त्या रद्द्यात दोन्ही बाजूंना लांबीतल्या विटा लावायच्या आणि भिंतीच्या आरपार जाणारी हेडर वीट दुसऱ्या रद्द्यापासून घ्यायची. १०० चा अँगल घेतला तर उभा पाय दुसऱ्या रद्द्यात घुसतो आणि गवंडी हेडर वीट तोडून दोन तुकडे बसवतो. तिथे भिंतीचे दोन अर्धे एकमेकांपासून सुटतात.

असमान पायांचा अँगल असेल तर लांब पाय उभाच हवा. १२५×७५×८ चा अँगल चुकून आडवा पडला तर त्याची वाकण्याला तोंड द्यायची ताकद अडीच पटींनी कमी होते. चित्रात बरोबर असतं, साईटवर उलटं बसलेलं सापडतं, कारण रुंद पायावर वीट छान बसते असं मिस्त्रीला वाटतं.

आता स्वयंपाकघराची भिंत. इथे कमान विसरा. ओपनिंगचा माथा २.१ मीटरवर, स्लॅबचा तळ २.९ वर. मध्ये फक्त ८०० मिमी वीट आहे आणि त्रिकोणाला १.४३ मीटर हवेत. स्लॅब त्रिकोणाच्या पोटातच येतो. म्हणजे स्लॅबचा भार थेट लिंटेलवर.

दोन्ही खोल्या दहा-दहा फुटांच्या आहेत, म्हणून या भिंतीवर दोन्हीकडचा मिळून तीन मीटर रुंदीचा स्लॅब येतो. १२० मिमी स्लॅबचे दर चौरस मीटरला ३ किलोन्यूटन. वर गच्चीचा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, त्याचे २ धरा. लोक याला गृहीतच धरत नाहीत, पण जुन्या कोब्यावर नवा कोबा चढलेली गच्ची महाराष्ट्रात गल्लोगल्ली आहे, तशी तुमची असेल तर हा आकडा दुप्पट करा. गच्चीवर माणसांच्या वावराचे १.५. मिळून ६.५. गुणिले तीन मीटर म्हणजे १९.५. त्यात ८०० मिमी विटेचे ४.२ आणि लोखंडाचे ०.३ मिळवले की दर मीटरला २४ किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ अडीच टन. मागच्या भिंतीत अख्ख्या लिंटेलवर मिळून सव्वासहाशे किलो होते.

हा समान पसरलेला भार आहे, म्हणून भार गुणिले लांबीचा वर्ग भागिले ८. येतात ८.२ किलोन्यूटन-मीटर, गुणक लावून १२.२५, आणि लागणारं छेदगुणांक मूल्य ५४ घन सेंटिमीटर. ५० च्या जोडीचं ७.२ आहे. १००×१००×८ च्या जोडीचं ४०, तीही अपुरी. १२५×७५×८ ची जोडी, लांब पाय उभा ठेवून, ५८.८ देते आणि २.४ मिमी झुकते. कागदावर पास.

तरीही मी ती घेणार नाही. स्लॅब दोन्ही खोल्यांवर सलग ओतलेला असेल, आणि १९७८ च्या घरात तो बहुधा असतोच, तर मधल्या भिंतीवर निम्म्या-निम्म्या वाटपापेक्षा सुमारे पाव भाग जास्त भार येतो. १९.५ चे २४.४ होतात, एकूण २८.९, आणि लागणारं मूल्य ६५ वर जातं. १२५ चा अँगल तिथे हरतो. शिवाय १२५ मिमी उंच आणि ८ मिमी जाडीचा पाय संहितेतल्या सडपातळपणाच्या मर्यादेवर (जाडीच्या मानाने पाय किती रुंद चालतो त्या) अगदी काठाला बसतो. इथे अँगलचा हट्ट सोडावा. चॅनल, म्हणजे इंग्रजी C च्या आकाराचं लोखंड, घ्या. १०० च्या दोन चॅनलची ताकद पुरते, पण २४ च्या भाराखालीच त्या ३ मिमीपेक्षा जास्त झुकतात. १२५ च्या दोन चॅनल घेतल्या तर मूल्य १३३ मिळतं आणि पूर्ण २८.९ च्या भाराखालीही झुकाव १.७ मिमीच्या आत राहतो. मीटरमागे साधारण १३ किलो, दोन तुकड्यांचं मिळून सत्तेचाळीस किलोच्या आसपास लोखंड. घरावर पुढे मजला चढवायचा विचार असेल तर हे सगळं गणित नव्याने करावं लागेल, कारण वरच्या मजल्याची भिंत आणि स्लॅब मिळवले की भार दुपटीच्याही पुढे जातो.

इतकं झाल्यावर लिंटेल सुटलं असं वाटतं, पण भार अजून जमिनीला पोचलेला नाही. चॅनलच्या प्रत्येक टोकाला सुमारे २३.८ किलोन्यूटन उतरतात. दोन चॅनलच्या ६५-६५ मिमी पायांची १५० मिमी लांबीची टेकण म्हणजे १९,५०० चौरस मिमी. ताण झाला १.२ मेगापास्कल. ३.५ मेगापास्कल ताकदीच्या साध्या विटेच्या भिंतीला आयएस १९०५, म्हणजे विटांच्या बांधकामाचं मानक, मूळ मर्यादा देतं ०.३५. तिथली वीट चुरडणार. म्हणून चॅनलच्या टोकाखाली काँक्रीटचा बेडब्लॉक, म्हणजे भार पसरवणारा ठोकळा, हवा. भिंतीच्या पूर्ण जाडीचा, ५०० मिमी लांब आणि तीन रद्द्यांइतका उंच. त्याने ताण ०.२१ वर येतो, भिंतीत आधीपासून असलेले ०.१२ मिळवले तरी ०.३५ च्या आत राहतो. अंतर फार नाही. म्हणून बाजूच्या भिंतीत वीट मऊ निघाली, नखाने खरवडली जाते इतकी, तर चॅनल भिंतीवर टेकवूच नका. दोन्ही बाजूंना उभ्या चॅनल देऊन जमिनीपर्यंत, पायाच्या दगडी जोत्यावर उतरणारी चौकट करा. मागच्या भिंतीत हा प्रश्न नाही, तिथे टेकणीवरचा ताण ०.१५ पेक्षाही कमी आहे.

काम कोणत्या क्रमाने करायचं, यावर माझा गणिताइतकाच भर आहे, कारण भिंती बहुतेक वेळा काम चालू असतानाच तडकतात.

स्लॅबला दोन्ही खोल्यांतून टेकू द्या. भिंतीपासून दोन फूट अंतरावर, स्लॅबखाली आडवं जाड लाकूड किंवा चॅनल लावून, मीटर-मीटरवर लोखंडी प्रॉप. रांग ओपनिंगच्या दोन्ही टोकांपलीकडे अर्धा मीटर जायला हवी. खालीही लाकडी फळी घाला, नुसत्या फरशीवर प्रॉप उभा केला तर फरशी फुटते आणि प्रॉप सैल पडतो. प्रॉप अलगद कसायचे, स्लॅब वर उचलायचा नाही, उचलला तर वरच्या बाजूने तडकतो. मागच्या भिंतीत स्लॅब नाही, तिथे माथ्याच्या वर भिंतीत आरपार भोकं पाडून त्यांतून आडव्या तुळया घालायच्या आणि त्यांच्या दोन्ही टोकांना टेकू द्यायचे. १.५ मीटरच्या ओपनिंगला अशा दोन तुळया पुरतात.

मग आधी बेडब्लॉक. ओपनिंग अजून फोडलेलं नाही, तोवरच दोन्ही बाजूंना तेवढीच जागा काढून ब्लॉक ओता आणि सात दिवस पाणी मारा. त्यानंतर एका बाजूने, फक्त एकाच, भिंतीच्या निम्म्या जाडीइतकी आडवी खाच काढा. कटरने वर-खाली रेघ मारून घ्या आणि मग छिन्नीने. मोठा ब्रेकर इथे वापरू नका, त्याच्या हादऱ्याने जुन्या चुन्याच्या किंवा कमजोर सिमेंटच्या सांध्यातला माल सुटतो आणि जी कमान आपल्याला हवी आहे तीच आपण मोडतो. पहिला चॅनल आत सरकवा, पाठ भिंतीच्या मध्याकडे, पाय बाहेर. वर लोखंडी पाचरी मारून तो वरच्या विटेला घट्ट भिडवा आणि उरलेली फट न आकसणाऱ्या ग्राउटने, नाहीतर एकास तीनच्या कोरड्या मालाने ठासून भरा. माल मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण बोटांतून पाणी सुटू नये, इतका कोरडा. फट पूर्ण भरली नाही तर चॅनल कितीही मजबूत असला तरी वरची भिंत आधी ती फट भरून काढायला खाली येते, आणि मग भार घ्यायला लागते. तेवढ्यात भेग पडून गेलेली असते.

हा माल चांगला आवळेपर्यंत, निदान तीन-चार दिवस, दुसऱ्या बाजूला हात लावायचा नाही. मग तसंच तिकडून. दोन्ही चॅनल बसल्यावर १२ मिमीच्या बोल्टने, मध्ये पाइपचा तुकडा घालून, दर दीड फुटावर एकमेकींना बांधा, म्हणजे एकीवर जास्त भार आला तरी ती एकटी पीळ खाणार नाही. मागच्या भिंतीतले अँगल याच रीतीने बसतात. त्यानंतरच खालची भिंत काढायला घ्यायची, वरून खाली, एकेक रद्दा.

लोखंड घेताना वजनकाटा सोडू नका. भंगारातून पुन्हा लाटलेले अँगल बाजारात सर्रास मिळतात आणि ‘दोन सुती’ म्हणून विकलेला अँगल पट्टीने मोजला तर पाच मिमी भरतो. ७५×७५×६ चा सहा मीटरचा नग सुमारे ४१ किलो भरला पाहिजे. ३६-३७ भरला तर परत करा. वर केलेलं सगळं गणित त्या वजनावर उभं आहे, आणि झुकाव तर जाडी कमी झाली की त्याच प्रमाणात वाढतो.

गंजाबद्दल सातारकरांना फार भीती घालणार नाही, पण बाहेरच्या भिंतीतला अँगल असेल तर लक्ष द्याच. गंजलेलं लोखंड फुगतं, मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतं, आणि दोन रद्द्यांमध्ये बसलेला अँगल वरची वीट अक्षरशः उचलतो. कोकणात खाडीकाठच्या घरांत लिंटेलच्या पातळीवर सरळ आडवी भेग दिसली की मी गिलावा फोडायच्या आधीच सांगतो, आत अँगल फुगलाय. तिकडे आणि मुंबई-गोव्याच्या किनाऱ्यावर गॅल्व्हनाइज केल्याशिवाय अँगल भिंतीत घालू नये. कापणं, भोकं, वेल्डिंग सगळं आधी उरकायचं आणि मग जस्तात बुडवायचं. सहा मिमी जाडीसाठी आयएस ४७५९ प्रमाणे चौरस मीटरला ६१० ग्रॅम जस्त बसायला हवं. तुमच्याकडे झिंकयुक्त प्रायमरचे दोन हात चालतील, पण घासून गंज काढल्यावर. आणि हल्ली आतून थेट जिप्समचा गिलावा मारतात, तो उघड्या लोखंडाला लागू देऊ नका. ओलं जिप्सम लोखंड खातं. लोखंडावर सिमेंटचाच गिलावा, खाली चिकनमेश, आणि ती मेश लोखंडाच्या कडांपलीकडे विटेवर सहा-सहा इंच जायला हवी. विटेची आणि लोखंडाची उन्हातली हालचाल वेगळी असते, मेश नसेल तर कडेने केसासारखी भेग पडतेच. स्वयंपाकघरात हाच गिलावा आगीपासूनही आडोसा देतो. लोखंड पाचशे-सहाशे अंशांना निम्मी ताकद गमावतं, म्हणून चॅनल ‘इंडस्ट्रियल लूक’ म्हणून उघडा ठेवायचा मोह इथे तरी आवरा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण सातारा म्हटल्यावर मला ती विचारावीच लागते. घरात लिंटेलच्या पातळीवर काँक्रीटचा सलग पट्टा आहे का? कोयनेचा भूकंपाचा पट्टा तुमच्या शेजारी आहे, आणि ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत भिंती एकमेकींना बांधलेल्या नसल्या की काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. हा काँक्रीटचा पट्टा भिंतींना चारी बाजूंनी बांधून ठेवतो. नवं ओपनिंग करताना तो कापला तर भूकंपात ती भिंत मोकळी. पट्टा असेल तर ओपनिंगचा माथा त्याच्या खालीच थांबवा, मग चॅनल पट्ट्याच्या तळाला भिडवून बसवता येतील. पट्टा नसेल तर निदान त्या भिंतीतली एकूण ओपनिंग भिंतीच्या निम्म्या लांबीच्या बरीच आत ठेवा आणि नवं ओपनिंग आडव्या भिंतीच्या जोडाला खेटून घेऊ नका. मधल्या भिंतीचं काम स्ट्रक्चरल इंजिनिअरने घर प्रत्यक्ष पाहून, वीट आणि स्लॅबची जाडी तपासून, सही केल्याशिवाय सुरू करू नये. मी इथे धरलेले आकडे तुमच्या वर्णनावरून आहेत.

मागच्या भिंतीत खिडकीच्या वरचे काही रद्दे सैल निघून नव्याने बांधावे लागले तर एक लक्षात ठेवा. ओल्या मालाची भिंत कमान धरत नाही. नवी वीट जोवर आवळत नाही तोवर तिचं सगळं वजन सरळ अँगलवर असतं, त्रिकोण वगैरे काही नाही. अशा वेळी अँगलच्या मध्यावर खालून एक टेकू ठेवा आणि एका दिवसात तीन-चार फुटांपेक्षा जास्त चढू नका.

टेकू काढायची घाई करू नका. शेवटचा ग्राउट भरल्यापासून सात दिवस, हिवाळ्यात दहा. काढताना मधल्या प्रॉपपासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला जायचं. एकदम न काढता प्रत्येक प्रॉप थोडा सैल करायचा, तासभर थांबायचं, मग पुढचा. सैल करण्याआधी चॅनलच्या मध्याखाली एक काठी उभी करून तिच्या टोकावर आणि चॅनलवर पेन्सिलने खूण करा. दुसऱ्या दिवशी त्या दोन खुणांमधला फरक दोन मिमीच्या आत असेल तर गिलावा घ्यायला हरकत नाही. जास्त असेल तर प्रॉप पुन्हा कसा आणि वरची फट कुठे कोरडी राहिली आहे ते ठोकून शोधा.